फाउंडर्स ऑनलाइन: राजाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या पाद्र्याची पत्रं, फुकट आणि घरबसल्या

पैसे लागत नाहीत, लॉगिन नाही, मोबाईल नंबर मागत नाहीत, ओटीपी नाही. हे पहिल्यांदा सांगतो कारण आपल्याकडं जुने कागद बघायचे म्हटलं की अर्ज, शिफारसपत्र, साहेबांची सही, मग उद्या या, हे ठरलेलं असतंय आणि त्यामुळं चांगली चांगली पोरं अभ्यास सोडून देतात. फाउंडर्स ऑनलाइन ही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची साइट, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन विभागासोबत 2013 मध्ये चालू केलेली, वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या अमेरिका उभी करणाऱ्या नेत्यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली पावणेदोन लाखांच्या वर पत्रं आणि कागद त्यात टाईप करून ठेवलेत, टीपांसकट. मी अंबाजोगाईकडचा, इतिहास शिकवतो, आणि या साइटबद्दल मराठीत कुणी मनापासून लिहिलेलं मला दिसलं नाही म्हणून हा रिव्ह्यू लिहायलोय.

पण मला या मोठ्या लोकांबद्दल बोलायचंच नाही. वॉशिंग्टनबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. मला बोलायचंय त्या माणसाबद्दल जो वॉशिंग्टनच्या सावत्र पोराचा मास्तर होता, दोस्त होता, आणि शेवटी राजाच्या बाजूनं राहिला म्हणून त्याला सगळं सोडून पळावं लागलं. जोनाथन बाउचर. आपल्या बीएच्या पुस्तकात अमेरिकन क्रांती म्हणजे 1773 चा बोस्टनचा चहा, 1776 ची घोषणा आणि पुढं फ्रेंच क्रांती, एवढंच. इंग्लंडच्या राजाशी निष्ठा ठेवणारे, ज्यांना तिकडं लॉयलिस्ट म्हणतात, त्यांच्यातली 60 हजारांच्या आसपास माणसं युद्धानंतर देश सोडून कॅनडात, इंग्लंडात, बेटांवर गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि त्यांच्याबद्दल आपल्या पोरांना एक ओळबी शिकवली जात नाही. ती ओळ या साइटवर सापडते, फक्त कशी शोधायची ते माहीत पाहिजे.

बाउचर हा 1738 चा जन्म, उत्तर इंग्लंडातल्या कंबरलँडमधल्या गरीब घरातला. 1759 मध्ये नोकरीसाठी व्हर्जिनियात आला, पोरं शिकवायला. मग पाद्री व्हायचं ठरवलं तर त्यासाठी परत समुद्र ओलांडून लंडनला जावं लागलं, कारण अमेरिकेत त्यावेळी अँग्लिकन चर्चचा एकही बिशप नव्हता आणि बिशपनं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय पाद्री होता येत नाही. 1762 मध्ये तो दीक्षा घेऊन परत आला. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढची पत्रं वाचून काही कळणार नाही. अँग्लिकन चर्च म्हणजे इंग्लंडचं सरकारी चर्च, त्याचा प्रमुख राजा. दीक्षा घेताना पाद्र्याला राजाशी एकनिष्ठ राहायची शपथ घ्यावी लागायची आणि दर रविवारी प्रार्थनेत राजासाठी मागणं असायचं, ते छापील पुस्तकातच होतं. म्हणजे 1775 ला जेव्हा गावातले लोक म्हणायला लागले की राजाचं नाव प्रार्थनेत घेऊ नको, तेव्हा ते पाद्र्याला शपथ मोडायला सांगत होते. काहींनी मोडली, काहींनी चर्चला कुलूप लावलं, काहींनी मार खाल्ला. बाउचरनं मोडली नाही.

आणि पगाराचं बघा. व्हर्जिनियात पाद्र्याला वर्षाला 16,000 पौंड तंबाखू मिळायची, कायद्यानं ठरलेली. आपल्या मापात 72 क्विंटलच्या वर. आपल्याकडं बलुतेदाराला खळ्यावर धान्य मिळायचं तसाच प्रकार, आणि भांडणंबी तशीच, तंबाखूचा भाव वाढला की लोकांना पाद्र्याचा पगार डोळ्यात खुपायचा. 1758 मध्ये व्हर्जिनियाच्या सभेनं कायदा केला की तंबाखूऐवजी पौंडाला दोन पेन्स रोख द्या, बाजारात भाव त्याच्या कितीतरी वर होता, पाद्री कोर्टात गेले आणि 1763 मध्ये पॅट्रिक हेन्री नावाच्या तरुण वकिलानं लोकांच्या बाजूनं भाषण ठोकून नाव कमावलं. म्हणजे क्रांतीच्या दहा-बारा वर्षं आधीपासून पाद्री आणि गाव यांच्यात पैशावरून गाठ बसलेली होती. हे डोक्यात ठेवून पत्रं वाचली की कळतं, हा राग एका दिवसात आलेला नव्हता.

आता साइट कशी वापरायची. वर सर्चची पट्टी आहे त्यात बाउचरचं नाव इंग्रजीत टाका, नाहीतर लेखकाच्या यादीत त्याचं नाव निवडा आणि ज्याला लिहिलं त्याच्या यादीत वॉशिंग्टन. मग उलटं पण करा, लेखक वॉशिंग्टन आणि घेणारा बाउचर. तारखेप्रमाणं लावा. हे दोन्हीकडचं एकाआड एक वाचायचं, तरच मजा आहे, नुसती एकाची बाजू वाचू नका. मला या साइटचं सगळ्यात जास्त आवडलं ते हेच की जिंकलेला आणि हरलेला शेजारी शेजारी बसवलाय, दोघांना तेवढाच अक्षराचा साईज, दोघांच्या पत्राला तेवढ्याच काळजीनं टीपा. कोण माणूस, कुठलं गाव, कुठल्या पत्राचं हे उत्तर, सगळं खाली लिहिलेलं.

सुरुवात 30 मे 1768 च्या पत्रापासून करा. वॉशिंग्टन माउंट व्हर्नन या आपल्या घरून बाउचरला लिहितो की माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा, जॉन पार्क कस्टिस, घरात जॅकी म्हणतात त्याला, चौदा वर्षांचा आहे, हुशार आहे, वागणूक चांगली आहे, दोन वर्षं व्हर्जिल हा लॅटिन कवी वाचतोय, तर तुमच्याकडं शिकायला ठेवता का. एकदम साधं, कुठल्याबी बापानं होस्टेलच्या सरांना लिहावं तसं. आणि त्याच पत्रात पुढं, पोरासोबत दोन घोडे येतील, आणि एक पोरगा येईल, घरकामात तरबेज, त्याला रिकामा बसू देऊ नका, तुमच्या घरात पण कामाला लावा. हा पोरगा म्हणजे गुलाम. घोड्यांच्या शेजारी, एका वाक्यात, नावाशिवाय. मी तिथं बराच वेळ थांबलो. वॉशिंग्टनकडं गुलाम होते, बाउचरकडं पण होते, स्वातंत्र्याच्या बाजूचा आणि राजाच्या बाजूचा दोघं या एका गोष्टीत सारखेच, आणि त्या पोराचं पत्र जगातल्या कुठल्याच साइटवर नाही. बाउचरनं गुलामांना बाप्तिस्मा दिला, त्यांना वाचायला शिकवायची सोय केली, हे खरं आहे, पण मालक तो मालकच राहिला. विद्यार्थ्यांना हे पत्र दाखवा म्हणतो मी, बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल.

जॅकी काही अभ्यासाचा पोरगा निघाला नाही. शिकार, कुत्रे, घोडे, कपडे. 18 डिसेंबर 1770 चं बाउचरचं पत्र वाचा, त्यात तो वॉशिंग्टनला सरळ सांगतो की एवढा आळशी आणि एवढा चैनीत रमणारा पोरगा मी आयुष्यात पाहिला नाही, निसर्गानं याला आशियातला राजपुत्र करायचं ठरवलं होतं की काय असं वाटतं. आता हे वाक्य मराठवाड्यात बसून वाचताना कसं वाटतं ते तुम्हीच बघा. ज्या माणसानं आशियात पाऊल ठेवलं नाही त्याच्या डोक्यात आशियाचा राजपुत्र म्हणजे ऐदी. आणि ज्याला तो हे म्हणतो तो व्हर्जिनियातल्या सगळ्यात श्रीमंत वारसांपैकी एक, शेकडो गुलामांच्या जिवावर बसलेला. आळस काय आशियातून आणावा लागत नव्हता. पण एक मात्र मान्य केलं पाहिजे, बाउचर खरं बोलायला घाबरत नाही. मोठ्या घरचा पोरगा आहे, फी चांगली मिळते, बापाची ओळख मोठी आहे, तरी तो गोड रिपोर्ट देत नाही. आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी हे पत्र फ्रेम करून लावावं.

मग देवीचं प्रकरण. हे माझं सगळ्यात आवडतं. 1771 मध्ये जॅकीला बाल्टिमोरला नेऊन देवी टोचल्या. तेव्हा जेनरची लस आलेली नव्हती, ती 1796 ची, त्याआधी खऱ्या देवीच्या फोडातला पू घेऊन टोचायचे, मग माणूस आजारी पडायचा, बहुतेक जण वाचायचे, काही मरायचे. पोराची आई मार्था हिला सांगायचं नाही असं ठरलं, कारण ती काळजीनं झुरणारी बाई होती, तिची मुलं आधी गेलेली. तर वॉशिंग्टन एप्रिल 1771 मध्ये बाउचरला लिहितो की पोराची खबर मला कळवा पण पत्र माझ्या नावानं सरळ पाठवू नका, लंड वॉशिंग्टन, म्हणजे माझा कारभारी नातेवाईक, त्याच्या पाकिटातून पाठवा, आणि वर पत्ता तुमच्या अक्षरात नको, दुसऱ्या कुणाच्या हातून लिहून घ्या. बायको अक्षर ओळखेल म्हणून. पुढं जो माणूस सगळ्या इंग्रज फौजेसमोर उभा राहिला तो घरात एका पाकिटावरच्या अक्षराला घाबरतोय, आणि या गुपितात त्याचा साथीदार कोण, तर हा पाद्री. एवढा विश्वास होता. आमच्या आजीच्या दंडावर देवीचे व्रण होते, गावात टोचायला माणूस यायचा त्याच्या गोष्टी ती सांगायची, म्हणून मला हे पत्र वाचताना ते घर डोळ्यापुढं आलं.

मधली पत्रं युरोपच्या सहलीबद्दल आहेत. बाउचरचं म्हणणं पोराला युरोप दाखवावा, सोबत मी जातो. वॉशिंग्टन खर्चाचा हिशेब घालत बसतो आणि ते बारगळतं. ही पत्रं लांब आहेत, घाई असेल तर सोडून द्या. पण 21 मे 1772 चं छोटं पत्र सोडू नका, त्यात वॉशिंग्टन सांगतो की घरच्यांच्या आग्रहापायी शेवटी चित्रकार पील याच्यापुढं बसलोय, पण चेहरा इतका गंभीर आणि मधेच डुलकी लागतेय की हा माणूस जगाला माझं काय रूप दाखवणार कोण जाणे. वॉशिंग्टनचं हयातीत काढलेलं सगळ्यात जुनं चित्र ते हेच. आणि ही हलकीफुलकी गोष्ट सांगावीशी वाटली ती बाउचरला.

मग 1773, 1774, 1775 आणि सगळं बदलत जातं.

इथं एक सांगितलं पाहिजे, बाउचर म्हणजे राजाचा आंधळा भक्त नव्हता. 1765 मध्ये स्टॅम्प अॅक्ट, म्हणजे कागदपत्रांवर कर लावणारा इंग्लंडचा कायदा, आला तेव्हा इंग्लंडमधल्या आपल्या दोस्ताला, जॉन जेम्स नावाच्या पाद्र्याला लिहिलेल्या पत्रात त्यानं तो कायदा जुलमी आणि बेकायदा म्हटलाय. कर चुकीचा हे त्याला मान्य होतं. पण कर चुकीचा म्हणून राजा सोडायचा, शपथ मोडायची, जो आपल्याशी सहमत नाही त्याला चौकात उभा करून माफी मागायला लावायची, हे त्याला मान्य नव्हतं. तोवर तो शेजारच्या मेरीलँडमध्ये पाद्री होता, तिथल्या क्वीन अॅन परगण्याच्या चर्चमध्ये मे 1775 ला उपवासाच्या दिवशी तो प्रवचनाला गेला तर बंदुका घेतलेली दोनशेच्या आसपास माणसं आधीच बसलेली, असं त्यानं पुढं आठवणींत लिहिलंय. त्यानं त्यांच्या म्होरक्याची कॉलर धरली, पिस्तूल डोक्याला लावलं आणि तसाच त्याला घेऊन घोड्यापर्यंत चालत गेला, मागून ते लोक चोराला गावाबाहेर काढताना वाजवतात ती धून वाजवायलेत. त्याआधी सहा महिने तो पुलपिटच्या, म्हणजे प्रवचनाच्या ओट्याच्या, गादीवर दोन भरलेली पिस्तुलं ठेवून प्रवचन करत होता. ही हकिकत या साइटवर पत्रात मिळणार नाही, पण माहीत असली पाहिजे, कारण पुढच्या पत्रातला राग कुठून आला ते त्याशिवाय कळत नाही.

ते पत्र 6 ऑगस्ट 1775 चं. वॉशिंग्टन तोवर बोस्टनबाहेर केंब्रिजला पोचलाय, 3 जुलैला फौजेची सूत्रं हातात घेतलीत. इकडं बाउचर बायकोला घेऊन इंग्लंडला निघायच्या तयारीत. तर तो जुन्या दोस्ताला शेवटचं लिहून कळवतो. माझ्या शब्दात सांगतो: मी एकेकाळी तुमचा मित्र होतो, आता पुन्हा तुम्हाला त्रास द्यायला येणार नाही, तेवढ्या हक्कानं एकदा मोकळं बोलू द्या. मी चुकलो असेन तर माझ्या वाट्याला आलेली शिक्षा माझ्या सगळ्यात वाईट शत्रूलाही पुरे वाटेल. पण तुम्ही चुकत असाल तर ते तोंडावर सांगणं माझं कर्तव्य आहे आणि शांतपणे ऐकून घेणं तुमचं. काही राजकीय मुद्द्यांवर मी तुमच्या आणि तुमच्या पक्षासारखा विचार करू शकलो नाही एवढ्यासाठी मला बदनाम केलं, हाल केले, आणि तुम्हाला ते माहीत असून तुम्ही बघत राहिलात. आणि मग शेवटाला, तुम्ही आता माझ्या मैत्रीच्या लायक राहिला नाहीत, इज्जतदार माणसाला तुमच्याशी संबंध ठेवणं कमीपणाचं आहे.

मी हे पत्र वाचून उठलो आणि परत येऊन पुन्हा वाचलं. त्याचं राजकारण मला पटत नाही, हे सरळ सांगतो. राजा देवानं नेमलेला, प्रजेनं निमूटपणे आज्ञा पाळायची, हे त्याच्या प्रवचनांतलं तत्त्व आज कुणालाच पटणार नाही आणि पटूही नये. पण या पत्रातला मुद्दा राजाचा नाहीच. मुद्दा हा आहे की तुमची बाजू न्यायाची असेल, असूही शकते, पण तुमच्या बाजूची माणसं दुसऱ्याला झोडपत असताना तुम्ही गप्प का. याचं उत्तर जिंकलेल्या बाजूला द्यावंच लागतं, कुठल्याही देशात. आणि हा प्रश्न विचारणारा कुणी भाडोत्री लेखक नव्हता, घरात येऊन जेवलेला, पोराला शिकवलेला, देवीचं गुपित राखलेला माणूस होता. म्हणून तो लागतो. सप्टेंबर 1775 मध्ये तो गेला, मागं राहिलेला जमीनजुमला जप्त झाला. जॅकी 1781 मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यात लागलेल्या तापानं मेला.

आणि मग 1797. बाउचर आता लंडनजवळच्या एप्समला पाद्री, म्हातारा. तो आपली अमेरिकेतली तेरा प्रवचनं छापतो आणि पुस्तक अर्पण करतो जॉर्ज वॉशिंग्टनला. 15 ऑगस्ट 1798 चं वॉशिंग्टनचं उत्तर साइटवर आहे, नक्की वाचा. अर्पणाबद्दल आणि चांगल्या शब्दांबद्दल आभार मानतो, पुस्तक अजून वाचलं नाही म्हणून त्यातल्या राजकारणाबद्दल मत देता येत नाही म्हणतो, पण दोन्ही देशांत शांतता आणि सलोखा राहावा असं माझ्याइतकं मनापासून कुणालाच वाटत नसेल हे आधीच सांगून ठेवतो म्हणतो. पुढच्याच वर्षी तो वारला, बाउचर 1804 ला. दोन म्हातारी माणसं, एकानंबी आपली बाजू सोडली नाही, तरी एकमेकांशी नीट बोलली.

आता साइटच्या मर्यादा, कारण रिव्ह्यू म्हणजे नुसतं कौतुक नाही. पहिली आणि मोठी मर्यादा, हे जिंकलेल्यांचं घर आहे. बाउचर इथं आहे कारण त्यानं वॉशिंग्टनला लिहिलं. त्यानं इतरांना लिहिलेलं इथं नाही. सॅम्युएल सीबरीचं उदाहरण घ्या, हा न्यूयॉर्ककडचा अँग्लिकन पाद्री, त्यानं 1774 च्या शेवटी वेस्टचेस्टरचा शेतकरी या टोपणनावानं काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेच्या, व्यापारबहिष्काराविरुद्ध पत्रवजा पुस्तिका काढल्या, शेतकऱ्याला उद्देशून, की माल विकायचा नाही म्हणतात, तर मग तुम्ही खाणार काय. त्याला उत्तर दिलं कोवळ्या वयाच्या, कॉलेजात शिकणाऱ्या अलेक्झांडर हॅमिल्टननं. साइटवर हॅमिल्टनची उत्तरं सगळी मिळतात. सीबरीचा मूळ सवाल मात्र बाहेरून शोधून आणावा लागतो. नुसतं उत्तर वाचून सवाल समजून घ्यायचा म्हणजे एका कानानं भांडण ऐकण्यासारखं आहे. हा सीबरी पुढं अमेरिकेचा पहिला अँग्लिकन परंपरेतला बिशप झाला, 1784 ला, आणि त्यासाठी स्कॉटलंडच्या अॅबरडीनला गेला, कारण इंग्लंडमध्ये राजाच्या निष्ठेची शपथ घ्यावी लागली असती आणि आता तो अमेरिकेचा नागरिक होता. शपथेनं सुरू झालेली गोष्ट शपथेवरच अडली बघा.

दुसरी मर्यादा, इथं सगळं टाईप केलेलं आहे, मूळ कागदाचे फोटो नाहीत. अक्षर कसं होतं, कुठं खाडाखोड केली, कुठं हात थरथरला, ते दिसत नाही. वॉशिंग्टनच्या कागदांचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत, तेही फुकट, दोन्ही शेजारी उघडून बघा. आणि बाउचरनं जॉन जेम्सला आणि इतरांना लिहिलेली पत्रं मेरीलँड हिस्टॉरिकल मॅगझिन या त्रैमासिकात 1912 पासून पुढं क्रमानं छापलेली आहेत, जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. ती वाचली तर माणूस वेगळाच दिसतो, कर्जाची काळजी, पोरांच्या शाळेचा ताप, कधी जेम्सवर रुसलेला, कधी आपल्याच चर्चला शिव्या घालणारा. वॉशिंग्टनला लिहिताना तो इस्त्री केलेल्या कपड्यात असतो, दोस्ताला लिहिताना घरच्या.

भाषेचं सांगतो. अठराव्या शतकातली इंग्रजी आहे, वाक्यं लांबलचक, मधेच मोठी अक्षरं, स्पेलिंग जुनी, ती तशीच ठेवलीत. पहिली दोन-चार पत्रं जड जातात, मग सवय होते. मोबाईलचं आपोआप भाषांतर लावू नका, अर्थाचा पार चुथडा होतो, त्यापेक्षा डिक्शनरी जवळ घेऊन हळू वाचा. पान हलकं आहे, नुसता मजकूर, त्यामुळं तालुक्याच्या गावात जिथं रेंज एक-दोन काडीवर असते तिथंबी उघडतं, आमच्या पोरांनी शेतातून उघडून दाखवलंय. प्रोजेक्टसाठी प्रत्येक पत्राखाली संदर्भ कसा द्यायचा तेबी तयार मिळतं, ते कॉपी करून घ्या, विद्यापीठाला चालतं.

माझ्याकडून 5 पैकी साडेचार स्टार. पण मला यापेक्षा जास्त बोलायचंय ते आपल्याबद्दल.

दर 17 सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन करतो, झेंडा, भाषण, स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो. केलाच पाहिजे. रझाकारांनी जे केलं ते विसरायचा प्रश्नच येत नाही, गावंच्या गावं त्या आठवणी सांगतात. पण 1948 च्या आधी निजामाच्या नोकरीत आपल्याच गावातले पटवारी होते, पेशकार होते, उर्दू शाळेचे मास्तर होते, त्यात हिंदू होते, मुसलमान होते, आणि त्यांच्यातल्या कितीतरी लोकांनी कुणाचं वाईट केलेलं नव्हतं, नोकरीला लागताना दिलेल्या शब्दाला जागले होते एवढंच. पोलीस अॅक्शननंतर त्यांच्या घरात काय झालं, कुणाच्या दोस्तानं पाठ फिरवली, कुणी कुणाला शेवटचं पत्र लिहिलं, हे कुठं वाचायला मिळतं? पत्रं असतील की, पेटीत, उर्दूत, मोडीत, आणि आज घरात कुणाला ती वाचता येत नाही म्हणून रद्दीत चाललीत. स्वातंत्र्यसैनिकांची पत्रं पण तशीच चाललीत, हे तर आणखी वाईट. दोन्ही बाजूंची पत्रं एका ठिकाणी, तारखेप्रमाणं, टीपांसकट, कुणालाबी घरबसल्या वाचता येतील अशी ठेवणं यासाठी काय फार मोठं सरकार लागत नाही, स्कॅनर लागतो, उर्दू आणि मोडी वाचणारी चार माणसं लागतात आणि कुणाची पत्रं ठेवायची यात भेदभाव न करायची नियत लागते. अमेरिकेनं पण निवडक माणसांपासूनच सुरुवात केली आणि त्या माणसांना लिहिणारे विरोधक आपोआप आत आले.

तर ज्यांच्या घरात अशी पेटी आहे त्यांनी ती रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मोबाईलवर पानापानाचे फोटो तरी काढून ठेवा, चांगल्या उजेडात, पाकिटासकट, पाकिटावरची तारीख आणि पोस्टाचा शिक्का दिसेल असे. उर्दू वाचून देणारे म्हातारे अजून आहेत गावोगावी, मोडी शिकवणारे वर्ग पण चालतात. आणि साइट उघडणार असाल तर आधी 30 मे 1768, मग 18 डिसेंबर 1770, मग एप्रिल 1771, मग 6 ऑगस्ट 1775, आणि 15 ऑगस्ट 1798 सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नका.